शेजारच्या खाटेवरचा काळुराम

रत्नदीपने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तरी लिव्हरचं दुखणं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "सर घ्यायचे का हो?" डोंबिवलीत सोसायटीतले विचारायचे, मायाच्या ऑफिसातले विचारायचे, एकदा तर ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं. माया ठाण्याच्या कोर्टात लिपिक होती. तिला नीट, क्रमाने सांगायची सवय होती. आधी मधुमेह, मग लिव्हरवर चरबी, मग वर्षानुवर्षं आतल्या आत सूज आणि शेवटी लिव्हर आक्रसून कडक झालेलं. लोक मान हलवायचे, पण ते पटलेलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. मग तिने सांगणं सोडून दिलं.

रत्नदीप कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायचा. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घरात कायम कुणाची तरी दहावी असायची. शिकवणीचे पैसे तो घेत नसे. पोरं जेवूनच जायची. आजार कळल्यावर दोन वर्षं त्याने पथ्य अगदी शिस्तीत पाळलं. मीठ तोडलं, लोणचं-पापड तोडलं, पोटात पाणी साचू नये म्हणून दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. माया त्याच्यासाठी वेगळं शिजवायची आणि स्वतःही तेच खायची. सगळं बरं चाललं होतं.

मग शाळेतली कपाटं हलवताना त्याची पाठ धरली. मायाला काळजी नको म्हणून त्याने शाळेसमोरच्या मेडिकलमधून पाठदुखीच्या गोळ्या आणल्या आणि आठवडाभर घेतल्या. पाठ दुखायची थांबली, पण पोट ढोलासारखं फुगलं, ताप आला आणि लघवी जवळजवळ बंद झाली.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर हेमांगी मॅडमनी मायाला बाजूला घेऊन सांगितलं. त्या मायापेक्षा लहान होत्या आणि घाईघाईत बोलायची त्यांची पद्धत नव्हती.

"किडनीवर ताण आलाय. एक तर त्या गोळ्या. लिव्हर खराब असलेल्या माणसाने त्या घ्यायच्याच नसतात. त्यात पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन झालंय."

"म्हणजे किडनी गेली?"

"तेच तर विचित्र असतं यात. गोळ्या आपण लगेच थांबवल्यात, तरी लघवी उतरत नाहीये. याचा अर्थ मुळात खराबी लिव्हरमध्येच आहे. लिव्हर इतकं बिघडलं की शरीरातलं रक्त पोटातल्या वाहिन्यांत अडकून राहतं, किडनीपर्यंत नीट पोचत नाही. मग किडनी काम थांबवते. तीच किडनी चांगलं लिव्हर असलेल्या माणसाला लावली तर बहुतेक चालेलसुद्धा."

नवऱ्याच्या अंगात धडधाकट किडन्या होत्या आणि त्या नुसत्या रक्ताची वाट बघत बसल्या होत्या, हे मायाला त्या आजारापेक्षाही क्रूर वाटलं.

"औषध?"

"रक्तवाहिन्या आवळणारं एक इंजेक्शन आहे, त्याच्या जोडीला ॲल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, देऊ. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. खरा उपाय लिव्हर बदलणं."

मायाचा रक्तगट जुळत नव्हता. रत्नदीपचा भाऊ सीताराम विठ्ठलवाडीहून आला आणि तपासण्यांना बसला, तर त्याच्याच लिव्हरवर चरबी निघाली. रत्नदीपचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. इन्फेक्शन उतरल्याशिवाय त्या यादीचाही काही उपयोग नव्हता. म्हणजे सगळी भिस्त त्या इंजेक्शनवर होती. रत्नदीपच्या खाटेखाली लघवीची पिशवी लटकवलेली असे. त्या पिशवीत काय उतरतं, एवढाच आता मायाच्या दिवसाचा विषय उरला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या रिकाम्या खाटेवर काळुरामला आणलं.

तो यायच्या आधी त्याचा आवाज आला. "मला घरी न्या, मी मरतो तं घरी मरतो!" स्ट्रेचरवर हळदीसारखा पिवळा माणूस होता. हातपाय काटक्यांसारखे, पोट पुढे आलेलं. मागे बायको, तिच्या मागे दोन भाऊ, एक मेहुणा आणि कसली कसली माणसं. वॉर्डबॉयने सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा बायको तेवढी राहिली. तिचं नाव मंजुळा. चाळिशीची असेल. तिने मायाकडे बघून हात जोडले, का ते तिलाही ठाऊक नसावं.

काळुराम खडवलीचा. त्याचा लग्नाच्या मांडवांचा धंदा होता. संध्याकाळी मांडव उभा राहिला की कामगारांबरोबर बाटली उघडायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा रिवाज. हे सगळं मंजुळाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, काही न लपवता.

"किती वेळा बोलले, ताय. हातापाया पडले. ऐकला नाय. आता बघा कसा पडलाय."

त्या दिवशी मायाला काळुरामबद्दल काही वाईट वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं. इतके महिने लोक रत्नदीपकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेला आता योग्य माणूस सापडला होता. ज्याने दारू प्यायली तो हा. हा बघा. आमचा तो वेगळा.

काळुरामच्याही किडन्या बसल्या होत्या. त्यालाही तेच इंजेक्शन सुरू झालं, तीच ॲल्ब्युमिनची बाटली टांगली गेली. त्याच्याही खाटेखाली तशीच पिशवी आली.

दोन बायकांची गट्टी जमायला वेळ लागला नाही. एक खाली औषध आणायला गेली की दुसरी दोघांवर लक्ष ठेवायची. मंजुळा घरून तांदळाची भाकरी आणायची, त्यातली अर्धी मायाच्या हातात द्यायची. माया तिला डॉक्टरांचं बोलणं सोपं करून सांगायची. काळुराम मात्र मंजुळावर सतत खेकसायचा. पाणी दे, उशी नीट कर, इतका वेळ कुठं गेलेलीस. शेजारी रत्नदीप मायाला कण्हत कण्हत विचारायचा, "जेवलीस का?" ते ऐकून मंजुळा एकदा म्हणाली, "तुमचं नशीब चांगलं हाये, ताय." मायाला आत कुठेतरी ते आवडलं.

मग एका सकाळी ती तोंड धुऊन आली आणि सवयीप्रमाणे रत्नदीपच्या पिशवीकडे वाकली. तळाशी चहासारखं गडद थोडंसं पाणी होतं, कालच्याइतकंच. ती उठताना तिची नजर शेजारी गेली. काळुरामची पिशवी अर्ध्याच्या वर भरली होती. लघवीचा रंग फिकट पिवळा, स्वच्छ होता.

मायाला आधी वाटलं, कुणी पिशवी बदलायला विसरलं असेल, दोन दिवसांची असेल. तिने सिस्टरला विचारलंही. सिस्टर हसून म्हणाली, "नाही हो, चालू झालीय त्यांची. औषध लागू पडलं."

मंजुळाने मायाचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. "आता सरांचंबी व्हईल बघा."

"होईल ना," माया म्हणाली. मग हात सोडवून घेऊन ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली. तिच्या छातीत जे उठलं होतं ते दुःख नव्हतं. दुःख तिला ओळखता येत होतं. हे कडू होतं, जळजळीत होतं, घशापर्यंत येत होतं. त्या दारुड्याची लघवी सुरू झाली! तिच्या माणसाने मीठ तोडलं, लोणचं-पापड तोडलं, एक कप चहासुद्धा जास्त घेतला नाही. आणि औषध लागू पडलं ते त्याला.

पुढचे दिवस त्या जळजळीतच गेले. काळुरामचा पिवळेपणा उतरायला लागला. तो उठून बसला. त्याने भाताची पेज मागितली. त्याचे भाऊ आले की वॉर्डात हसण्याचे आवाज यायचे. रत्नदीपच्या रक्ताचे आकडे रोज थोडे वाईट यायचे. औषधाचा डोस वाढवला, उपयोग झाला नाही. माया रोज सकाळी आधी काळुरामची पिशवी बघायची, मग नवऱ्याची. आपण हा क्रम का लावलाय हे तिला कळत होतं, पण तो बदलता येत नव्हता. मंजुळाने दिलेली भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. भूक नाही असं सांगून ती पर्समधलं बिस्किट खायची. मंजुळा हसली की तिला वाटायचं, ही मुद्दाम हसते. मंजुळा तिच्यासमोर हसायची बंद झाली, तर वाटायचं, ही कीव करते.

एकदा काळुरामने सफरचंदाची फोड खाल्ली आणि म्हणाला, "लय गोड हाये." एवढ्यावरून मायाला रडू आलं. तिला त्या सफरचंदाचासुद्धा हेवा वाटला.

काळुरामची लघवीची नळी काढली त्या दिवशी दुपारी मंजुळा वॉर्डाच्या दारात मायाची वाट बघत उभी होती. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"ताय, ह्यांची पाठ लय धरलीय, झोपून झोपून. सकाळपासून माझ्यावर वरडतायत. खाली मेडिकलवाल्यानं ही दिली. चालंल ना?"

मायाने पट्टी हातात घेतली. नाव वाचायचीही गरज नव्हती. तो निळा-पांढरा रंग तिने रत्नदीपच्या शाळेच्या पिशवीत बघितला होता. त्याच गोळ्या.

तिला बोलायला एक शब्द पुरला असता. "नको." तो शब्द तिच्या तोंडात आला आणि तिथेच थांबला. मंजुळा तिच्याकडे बघत होती, शाळेतली मुलगी बाईंकडे बघते तशी.

"सिस्टरना विचारा," माया म्हणाली आणि पट्टी परत दिली.

यात खोटं काही नव्हतं. कुणी जाब विचारला असता तरी चूक निघाली नसती. फक्त मायाला माहीत होतं की मंजुळा सिस्टरला घाबरते, आदल्या दिवशीच बोलणी खाल्ल्यामुळे ती तिच्याकडे जाणार नाही. माया आत जाऊन रत्नदीपच्या पायाशी स्टुलावर बसली आणि त्याचे सुजलेले तळवे दाबायला लागली. दोन खाटांच्या मध्ये पडदा ओढलेला होता. पडद्यापलीकडे पट्टी फाडल्याचा आवाज आला. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज आला. माया तळवे दाबत राहिली.

"काळुराम," रत्नदीपने हाक मारली.

त्याचा आवाज बसलेला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय अजून गेली नव्हती. मायाला वाटलं होतं, तो झोपलाय.

"काय, सर?" पलीकडून.

"कसली गोळी आहे ती?"

"पाठीची."

"घेऊ नकोस. मंजुळाताई, ती फेकून द्या आधी. माझं सगळं तसल्याच गोळीने सुरू झालं. लिव्हरच्या पेशंटने ती घ्यायची नसते. पाठीचं डॉक्टर मॅडमना सांगा, त्या दुसरं काहीतरी देतील."

पलीकडे काळुराम मंजुळावर ओरडला, "मारशील मला!" आणि मंजुळाचा घाबरा आवाज आला, "मी इचारलं होतं. मी मायाताईंना इचारलं होतं."

पडदा बाजूला झाला. मंजुळा तिथे उभी होती. तिने मायाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, प्रश्न होता, आणि तो प्रश्न हळूहळू सुटताना मायाला दिसला. मंजुळाने पडदा परत ओढून घेतला.

रत्नदीप छताकडे बघत होता.

"तुला दाखवली होती तिने?"

"हो."

"ओळखलीस?"

"हो."

माया वाट बघत होती, तो काहीतरी बोलेल, झापेल. तेवीस वर्षांत त्याने तिला कधी झापलं नव्हतं. निदान आता तरी झापावं असं तिला वाटलं.

"मला त्याचं चांगलं झालेलं बघवत नाही," तीच शेवटी म्हणाली, पडद्यापलीकडे जाणार नाही इतक्या हळू. "तो रोज बरा होतोय. आणि तुम्ही..."

"मलाही नाही बघवत," रत्नदीप म्हणाला.

मायाने मान वर केली.

"खरं सांगतो. तू खाली गेलीस ना, की मी मान वाकडी करून त्याची पिशवी बघायचो. मान दुखायची. एकदा वाटलं, त्याची नळी तुंबली तर बरं होईल." तो हसायला गेला आणि त्याला धाप लागली. "इतका जळलो नाही मी कधी कुणावर. मुख्याध्यापकाची जागा त्या दुसऱ्याला दिली तेव्हासुद्धा नाही."

"मग सांगितलंत कशाला त्याला?"

"मास्तर आहे ना गं. कुणी चुकीचं उत्तर लिहिताना दिसलं की तोंडातून निघूनच जातं." मग म्हणाला, "विचार केला असता तर कदाचित नसतं सांगितलं."

मायाने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. दोघं एकाच माणसावर एकाच कारणासाठी जळत होते, आणि हे इतके दिवस एकमेकांपासून लपवत होते. तिला हलकं वाटलं. पण ते हलकं वाटणं फार टिकलं नाही.

त्यानंतर मंजुळा मायाशी कामापुरतंही बोलली नाही. भाकरीचा डबा पडद्याच्या पलीकडेच उघडायचा आणि पलीकडेच बंद व्हायचा. काळुरामला घरी सोडलं त्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत रत्नदीपच्या खाटेशी आला. नवा शर्ट घातला होता, दाढी केलेली होती. त्याने वाकून रत्नदीपच्या पायांना हात लावला. रत्नदीपने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. माया खिडकीतून खालच्या रिक्षा बघत राहिली, ते दोघं दाराबाहेर जाईपर्यंत.

रत्नदीपचं इन्फेक्शन पुन्हा वर आलं. त्याला आयसीयूत हलवलं, डायलिसिसवर घेतलं. हेमांगी मॅडमनी सांगितलं की लिव्हर मिळेपर्यंत तग धरायला हे करतोय. त्या हे सांगताना मायाच्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या. लिव्हर मिळालं नाही. शेवटच्या दिवसांत विषारी द्रव्यं मेंदूत चढून त्याची शुद्ध भरकटली. तो मायाला माया म्हणून ओळखत नव्हता. कधी तिला शाळेतला शिपाई समजायचा, कधी नववीतला कुणी मुलगा. "बाकावर नीट बस," म्हणायचा. "पाढे म्हण." माया पाढे म्हणायची. अकराचे, बाराचे. तेराच्या पाढ्यात ती अडखळली की तो चिडायचा.

एका दुपारी तो गेला. ती जवळच होती, हात हातात होता. पण त्याला कोण जवळ आहे हे माहीत नव्हतं. निरोपाचं, समजुतीचं, दोघांचं असं एकही वाक्य तिच्या वाट्याला आलं नाही. ही गोष्ट नंतर तिला सगळ्यात जास्त सलली.

अंत्ययात्रेला शाळेतली दहा-दहा वर्षांपूर्वीची मुलं आली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धविहारातल्या भन्तेजींनी अनित्यतेबद्दल सांगितलं. सीतारामने सगळं निभावलं. मग लोक कमी कमी होत गेले आणि माया कोर्टात जायला लागली. दिवसभर ती बरी असायची. संध्याकाळी डोंबिवलीला उतरून भाजी घेताना एखादं म्हातारं जोडपं दिसलं, म्हातारा भाव करतोय, म्हातारी त्याला "चला आता" म्हणतेय, की ती जळजळ पुन्हा वर यायची. फाटक्या तोंडाचा, थुंकत चाललेला कुणी माणूस दिसला की तिला वाटायचं, हा जगतोय. हा कशाला जगतोय? ती स्वतःला दटावायची, पण दटावल्याने काही फरक पडत नव्हता.

पावसाळा सरता सरता एका रविवारी बेल वाजली. दारात काळुराम आणि मंजुळा उभे होते.

मायाने त्याला आधी ओळखलंच नाही. गाल भरले होते, डोळे पांढरे स्वच्छ झाले होते, पोट आत गेलं होतं. खांद्यावर तांदळाची गोणी होती, ती उतरवताना त्याला धापसुद्धा लागली नाही. मंजुळाच्या हातात काकड्या आणि दुधीची पिशवी.

"घरचा तांदूळ हाये, ताय," तो म्हणाला. "सर गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. मॅडमकडं तपासायला गेलेलो तेव्हा त्या बोलल्या."

तो आत आला आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसला. ती रत्नदीपची खुर्ची होती. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण खुर्ची करकरली तशी माया ओरडलीच.

"उठा तिथनं!"

काळुराम दचकून उठला. कुठे बसावं ते न कळून तो जमिनीवर, फरशीवर मांडी घालून बसला. मंजुळा उभीच राहिली.

"का आलात तुम्ही?" मायाने विचारलं. "दाखवायला आलात का मला, बघा कसे ठणठणीत झालो ते? आयुष्यभर प्यायलात. लिव्हर तुमचं सुधारलं, किडन्या तुमच्या चालू झाल्या, औषध तुम्हाला लागू पडलं. आणि ज्याने कधी... मला तुमचं तोंड बघवत नाही, काळुराम. तेव्हाही बघवत नव्हतं."

काळुराम खाली बघत राहिला. बोलली ती मंजुळा.

"म्हाईत हाये मला. मी तुम्हाला इचारलं होतं, ताय. तुम्ही सांगितलं नाय."

"नाही सांगितलं."

"त्या दिवसापासनं मी तुम्हाला मनात शिव्या घालतेय. आजबी यायचं नव्हतं मला. ह्यानं आणली." तिने पिशवी खाली ठेवली. तिचा आवाज चढला. "पण एक बोलते. तुम्ही माझ्यावर जळलात ना? मी तुमच्यावर पयल्या दिवसापासनं जळत होते. माझ्या नवऱ्यानं मला कदी जेवलीस का म्हणून इचारलं नाय. मरायला टेकला तरी नाय इचारलं. सर इचारायचे. रोज इचारायचे. मी पडद्याआड बसून ऐकायची, आन मला वाटायचं, हिच्याकडं एवढं हाये तं माझ्या वाट्याला निदान लघवी तरी येऊ दे."

ते वाक्य ऐकायला कसं वाटतं, हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं असावं. ती तोंडाला पदर लावून खाली बसली. ती रडतेय की हसतेय, हे मायाला कळेना.

काळुराम म्हणाला, "प्यायलो नाय तवापासनं. एक थेंब नाय. सरांना सबूत दिलाय."

"शब्द?" मायाने नकळत दुरुस्त केलं. मग थबकली. "कधी दिलात?"

"घरी जायच्या आदल्या दिवशी. तुम्ही औषधं आणायला खाली गेलेल्या. ते बोलले, काळुराम, मी तुझ्यावर लय जळतो. असंच बोलले, तोंडावर. मला कळंना काय बोलावं. मंग बोलले, तू परत प्यायलास तर मी भूत होऊन येईन. मी बोललो, सर, तुमच्यात तं भूत मानत नाय. तर बोलले, नाही मानत, तरी तुझ्यासाठी येईन."

माया हसली. पण ते हसू लगेच मावळलं. तिने हे वाक्य ऐकलं नव्हतं. तिला पाढे मिळाले, बाकावर नीट बस मिळालं, आणि शुद्धीतलं, थट्टेतलं, अगदी रत्नदीपचं असलेलं हे वाक्य मिळालं होतं काळुरामला. तो जगला आणि वर हेही त्यालाच मिळालं.

"अजून?" तिने विचारलं. "अजून काय बोलायचे तुमच्याशी?"

"लय बोलायचे. तुम्ही खाली गेल्या की."

"काय?"

काळुरामने डोकं खाजवलं. "एकदा इचारलं, मांडवाचा कोपरा काटकोनात कसा धरतोस. मी बोललो, नजरेनं. तं हसले. बोलले, दोरीला गाठी मार, तीन, चार, पाच. मला आकडे लिहून दाखवले औषधाच्या खोक्यावर. मी मागल्या लग्नात करून बघितलं. एकदम बरोबर बसतो, ताय. पोरं बघत राहिली."

"आणि?"

"आन तुमच्याबद्दल बोलायचे."

मायाने काकड्यांची पिशवी उचलली, उगाच इकडची तिकडे ठेवली. तिच्या हातांना काहीतरी हवं होतं. मंजुळा उठली, विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला. "साखर कुठं हाये?" तिने आतून विचारलं.

"वरच्या फळीवर. पिवळ्या झाकणाचा डबा," माया म्हणाली. मग तिने जमिनीवर बसलेल्या काळुरामकडे बघितलं. तो अजून तिला आवडत नव्हता. त्याचे ते भरलेले गाल अजून बघवत नव्हते. तिने खिडकीजवळची वेताची खुर्ची ओढली, त्याच्या समोर आणली आणि स्वतः तिच्यात बसली.

"सांगा," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय बोलायचे? पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

काळुराम सांगायला लागला. त्याला आठवायला वेळ लागत होता, मध्येच तो अडकायचा, वाक्यं उलटसुलट व्हायची. प्रत्येक शब्दागणिक माया त्याच्यावर जळत होती, आणि तो थांबला की म्हणत होती, "मग?"